टॉलिव्हरचा गळ

अकरा वर्षांत मी त्या गाडीला पहिल्यांदाच हात लावला, तोही पुसायला. आणि नेमकं तेच करायला नको होतं.

गाडी म्हणजे आमच्या वेंडेलची पासष्ट सालची कॉर्व्हेट. निळी, दोनच माणसांची, पुढचे दिवे मिटून झोपणारी. इथे सेंट लुइसलाच, शहराच्या उत्तर टोकाच्या कारखान्यात जन्मलेली. वेंडेलनं ती एका शेतकऱ्याच्या कोठारातून उचलून आणली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. त्या दिवसापासून रात्रीचं जेवण झालं की हा गॅरेजमध्ये. माझ्या बहिणी फोनवर विचारायच्या, "काय गं आर्डिस, सवत कशी आहे तुझी?" मी म्हणायचे, "मजेत आहे. तिला नवे टायर आले. माझ्या चपला राहिल्या."

या गाड्यांच्या परीक्षेचा एक नियम आहे, तो कळला नाही तर पुढचं काही कळायचं नाही. गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, तशी हवी. तिच्याहून वाईट असली तर गुण कापतात, हे ठीकच. पण तिच्याहून चांगली असली तरी कापतात. गेल्या वर्षी इंजिनापाशी चार बोल्ट जास्त चमकतात म्हणून आमचा अर्धा गुण गेला, आणि वेंडेल दोन आठवडे ते बोल्ट निस्तेज करत बसला होता. मी एकतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं. एखाद्या मुलानं पुस्तकातली छपाईची चूक जशीच्या तशी वहीत उतरवली आणि त्याबद्दल शाबासकी मागितली, तर मी त्याला काय म्हटलं असतं ते इथे लिहीत नाही.

आता त्या खुणेबद्दल. कारखान्यात गाडी पुढे सरकताना तपासनीस तिच्यावर पिवळ्या मेणखडूनं खुणा करत. हे बघितलं, ते बघितलं, जाऊ दे. आमच्या गाडीवरच्या अशा बहुतेक खुणा कधीच पुसल्या गेल्या होत्या. त्या वेंडेलनं जुने फोटो बघून पुन्हा काढल्या, आणि ते नियमात बसतं. पण एक खूण अस्सल होती. उभी रेघ, खाली वळलेली, मासे धरायच्या गळासारखी, आणि टोकाशी एक ठिपका. निवृत्त कामगार महिन्यातून एकदा नाश्त्याला जमतात, तिथे वेंडेलनं तिचा फोटो फिरवला, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "हा तर एझेल टॉलिव्हरचा गळ." मग वेंडेलनं टॉलिव्हरना चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मला हे सगळं कमीत कमी शंभर वेळा ऐकवून झालं होतं. "या गाडीतली प्रत्येक वस्तू मी केली किंवा विकत आणली," वेंडेल म्हणायचा. "हा गळ तेवढा आपणहून राहिला." मी हं हं करत वाटाणे सोलायचे. तो गळ गाडीवर नेमका कुठे आहे, हे माझ्या अर्ध्या कानानं ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं, असेल कुठेतरी खाली, पोटाशी.

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी सकाळी वेंडेल नदीपलीकडे चुलतभावाकडे ट्रकमागे ओढायचा बंदिस्त ट्रेलर आणायला गेला. ही गाडी रस्त्यावरून कुठे जात नाही, ट्रेलरमधून जाते. धूळ लागेल, मैलांचा आकडा वाढेल. दर रविवारी सहा फूट पुढे, सहा फूट मागे, एवढाच तिचा प्रवास. "चारपर्यंत येतो," तो म्हणाला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "आर्डिस, आता बहात्तर झालो. यंदा पंचाण्णव मिळाले नाहीत तर पुन्हा गाडीखाली शिरायचं बळ नाही राहिलं." शंभरपैकी पंचाण्णवला वरचा मान मिळतो, आणि गेल्या वर्षी चौऱ्याण्णव पूर्णांक सहा मिळाले होते.

खरं सांगते, मला भरून आलं. अकरा वर्षं मी त्या गाडीला टोमणे मारले, पण तो माणूस काही दारू पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता. कुठेतरी मदत करावी असं वाटलं. मी स्वच्छ फडकं घेतलं, गॅरेजमध्ये गेले, बॉनेट उघडलं. आणि इंजिनामागच्या काळ्या भिंतीवर मला पिवळा डाग दिसला.

वेंडेल सँडविच खात खात काम करतो. त्याच्या शर्टांवर, चष्म्यावर, एकदा तर कानामागे मी सँडविचमधलं मस्टर्ड, म्हणजे ती पिवळी मोहरीची चटणी, पुसलंय. मी म्हटलं, बघा, अकरा वर्षं घासतोय आणि स्वतःचं मस्टर्ड दिसत नाही. फडक्याला जरा स्पिरिट लावलं आणि डाग साफ केला. चांगला निघाला. मग फडकं नाकाशी नेलं, तर मस्टर्डचा वास येईना. वास मेणबत्तीचा.

बाकावर वेंडेलची जाड फाइल उघडी होती. उजव्या पानावर मोठा फोटो: काळी भिंत, पिवळा गळ. खाली वेंडेलच्या हातचं, "एकमेव अस्सल खूण. हात लावू नये."

मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तो ओरडला असता तर मला चाललं असतं, मीही ओरडले असते. पण वेंडेल ओरडत नाही. तो "बरं" म्हणतो आणि मग आठवडाभर त्याचे खांदे उतरलेले दिसतात. ते मला बघवलं नसतं.

पहिला विचार लबाडीचाच आला. त्याच्या डब्यातून पिवळा मेणखडू घेतला आणि फोटो समोर ठेवून पुठ्ठ्यावर गळ काढून पाहिला. सुरेख आला. वळण गोल, ठिपका मधोमध, रेघ सरळ. एकतीस वर्षं फळ्यावर अक्षरं गिरवली की हात बिघडत नाही. वीसदा काढला, वीसही वेळा तिसरीच्या भिंतीवर लावण्यासारखा. घाईत, एका झटक्यात, पुढची गाडी येतेय अशा हातानं मला एकदाही काढता आला नाही. शेवटी पुठ्ठा फाडून टाकला. फाइलमध्ये टॉलिव्हरांचा पत्ता होता. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

उत्तरेकडच्या त्या गल्लीत विटांची घरं एकाला एक लागून आहेत. टॉलिव्हर पुढच्या ओट्यावर बसून मासेमारीचा दोरा गुंडाळत होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, सडपातळ, काळ्या वर्णाचे, डोक्याला गवती हॅट. दारात त्यांची मुलगी लुवेनिया हात कमरेवर ठेवून उभी.

"बाबांना काही विकायचं असेल तर आम्हाला नको," ती म्हणाली.

"विकायचं नाही. मी आर्डिस नीमायर. माझ्या नवऱ्यानं तुम्हाला पत्रं लिहिली होती."

"अच्छा, ते खडूवाले," टॉलिव्हर म्हणाले. दोरा गुंडाळणं थांबलं नाही. "चार पत्रं. खडूचा रंग कोणता, कोणत्या बोटात धरायचात, उभं राहून की वाकून. मी मोजले, बारा प्रश्न होते. बाई, त्यात एकदाही विचारलेलं नाही की बाबा रे, तू कसा आहेस."

मला हसू आलं. "मिस्टर टॉलिव्हर, मी त्यांच्याबरोबर सेहेचाळीस वर्षं राहते. मलाही फार वेळा विचारलेलं नाही."

त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. मग मी सगळं सांगितलं. मस्टर्डपर्यंत आले तेव्हा लुवेनिया दाराच्या चौकटीला धरून हसत होती. टॉलिव्हर मात्र गंभीर झाले.

"म्हणजे तुम्हाला माझी खूण पाहिजे."

"हो. एवढी एक रेघ. दोन सेकंदांचं काम."

"दोन सेकंदांचं काम खूण करण्याचं. त्याआधी गाडी बघायची असते. चौदा वर्षं मी त्या लाइनवर होतो, मास्तरीणबाई. न बघता एकाही गाडीवर गळ टाकला नाही, तर आता म्हातारपणी टाकू?"

मी 'मास्तरीण' आहे हे मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मघापासून माझ्या ओट्यावर पाय जुळवून उभ्या आहात."

लुवेनियानं मला बाजूला घेऊन बजावलं. त्यांना साखर आहे. दुपारी एकला गोळी. आणि वाटेत आइस्क्रीमसारख्या गार कस्टर्डचं दुकान लागतं, तिथे ते थांबायला सांगतील, थांबायचं नाही. मी तिला शब्द दिला.

आमच्या गॅरेजमध्ये आल्यावर टॉलिव्हरनी हॅट काढून खिळ्याला टांगली, बाह्या दुमडल्या आणि गाडीभोवती फिरायला लागले. डोळ्यांनी कमी, तळहातानं जास्त. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, कान देऊन ऐकलं. बॉनेटखाली वाकले. मला वाटत होतं, तपासणी माझीच चालू आहे.

"आम्हाला एका गाडीला सहा-सात मिनिटं मिळायची," ते म्हणाले. "या माणसानं किती घेतली?"

"अकरा वर्षं."

"दिसतंय." त्यांनी इंजिनामागची ती भिंत पाहिली, मी जिथे घासलं होतं तिथे बोट फिरवलं. "चांगलं पुसलंय तुम्ही. डाग राहिला नाही."

"टोचू नका हो."

ते आत बसायला गेले आणि शेजारच्या सीटवरचं प्लास्टिकचं आवरण बघून थांबले. "इथे कोणी बसलंच नाही वाटतं."

"मीसुद्धा नाही."

"मग ही गाडी चालते कशावरून?"

"दर रविवारी सहा फूट चालते."

टॉलिव्हरनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मलाच लाज वाटली. मग ते म्हणाले, "ऐका. रोज साठ-सत्तर गाड्या माझ्यासमोरून जायच्या. मी खूण करायचो, दुसरा कोणीतरी चावी फिरवायचा, तिसरा बाहेर न्यायचा. चौदा वर्षांत मी एकदाही रस्त्यावर यातल्या एकीत बसलो नाही. मला परवडणारी नव्हती, आणि बसायला कोणी बोलावलं नाही. तुम्हाला गळ पाहिजे ना? मग मला चालती गाडी बघायची आहे. गाडी तुम्ही चालवा, माझे डोळे आता तेवढे नाहीत."

मी नाही म्हणणार होते. मैलांचा आकडा वेंडेलला पाठ आहे. खूण पुसली ते चुकून, हे मात्र समजून उमजून. आगीतून निघून फुफाट्यात पडायचं ते असं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही मागितल्याचा भाव नव्हता, फक्त वाट बघणं होतं, आणि ते वाट बघणं फार जुनं दिसत होतं. मी खिळ्यावरची चावी घेतली, त्यांनी आपली हॅट. क्लच मी वडिलांच्या ट्रकवर शिकले होते. पाय विसरत नाहीत.

गल्लीच्या तोंडापर्यंत मी देवाचं नाव घेत होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर नाव घ्यायचं राहून गेलं. गाडी जिवंत होती हो. पायाखाली तिचा आवाज पोटातून यायचा. निळ्या बॉनेटवर ऊन पडलं होतं आणि माझे पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले होते. सिग्नलला शेजारी एक ट्रक थांबला, त्यातला माणूस खिडकीतून वाकून म्हणाला, "आजी, विकायची का?"

"नवऱ्याला विचारा," मी म्हटलं. "तो आधी मला विकेल."

टॉलिव्हर सीटला टेकून बसले होते. हात मांडीवर, कान इंजिनाकडे. जुन्या कारखान्याच्या रस्त्यानं घ्या म्हणाले. तिथे आता गोदामं आहेत, फाटकही वेगळं आहे. तिथून जाताना त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. फाटक मागे पडल्यावर म्हणाले, "दुसऱ्या गियरला घाई करता तुम्ही." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "आम्ही चांगली केली होती. मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि बसणं वेगळं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मला रस्ता बघायचा होता.

कस्टर्डच्या दुकानाशी ते म्हणाले, "डावीकडे घ्या."

"मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय. मी दिलेला नाही."

आम्ही थांबलो. मी त्यांना सगळ्यात छोटा कप घेतला. आमच्याभोवती वीसेक माणसं गोळा झाली, त्यातल्या प्रत्येकाला टॉलिव्हरनी सांगितलं, "ही मी तपासलेली आहे."

परत आलो तेव्हा अकरा मैल झाले होते. टॉलिव्हरनी वेंडेलच्या डब्यातला खडू घेतला, बॉनेटखाली वाकले आणि एका झटक्यात गळ ओढला. ठिपका. अगदी तोच. फोटोतल्यापेक्षा हात थोडा थरथरला होता, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी खडू पुन्हा टेकवला आणि गळाखाली तारीख घातली. आजची. महिना, दिवस, दोन हजार एकोणीस.

"अहो, हे काय केलंत? आधी तारीख नव्हती."

"आधी मी पासष्ट सालची गाडी पासष्ट साली पास केली. ही आज केली."

"पण याचे गुण कापतील. मिस्टर टॉलिव्हर, मी हात जोडते, तारीख तेवढी पुसू द्या."

त्यांनी खडू डब्यात जागच्या जागी ठेवला. "पुसा की. पुसायला तुम्ही मोकळ्या आहात. पण जुन्या तारखेवर नवी सही मी करत नाही. खोटं बोलायचं असेल तर मास्तरीणबाई, ते तुमच्या अक्षरात बोला."

मी फडकं उचललंसुद्धा. पण या माणसाच्या समोर, त्याच्या ताज्या खुणेवर, माझा हात चालेना. आणि मी तशीच उभी असताना दारात ट्रेलरची घरघर ऐकू आली. साडेतीन वाजले होते. वेंडेल लवकर आला होता.

त्यानं काय काय पाहिलं ते त्याच्या नजरेबरोबर मीही पाहिलं. उघडं बॉनेट. टायरांना रस्त्याची धूळ. स्टुलावर अनोळखी म्हातारा. त्यानं आत वाकून मैलांचा आकडा वाचला, मग भिंतीवरचा गळ, मग तारीख.

"मी पुसला," मी म्हटलं. "मला वाटलं मस्टर्ड आहे. हे एझेल टॉलिव्हर. त्यांनी पुन्हा काढला. त्यासाठी गाडी फिरवून आणावी लागली. मला कारण सांगायचं नाहीये वेंडेल, चूक माझी आहे."

"बरं," वेंडेल म्हणाला.

तो बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला. हात स्टिअरिंगवर, ट्रक बंद. त्या दहा मिनिटांत मी स्वतःला काय काय म्हटलं असेल. टॉलिव्हर म्हणाले, "घाई करू नका. त्याला त्याची तपासणी करू द्या."

मग तो आला. टॉलिव्हरांसमोर उभा राहिला. अकरा वर्षं ज्या हाताला तो शोधत होता तो हात समोर होता. त्यानं तोंड उघडलं आणि मला पक्कं कळलं की आता खडूचा रंग येणार. मी कोपरानं त्याला बरगडीत ढोसलं.

"कसे आहात तुम्ही?" वेंडेल म्हणाला.

टॉलिव्हर टेकून बसले. "आता कसं नीट विचारलंत. गुडघा दुखतो, साखर आहे, मुलगी म्हणजे तुरुंगाधिकारी. बाकी मजेत."

दोन तास ते दोघं बोलत बसले. मी लुवेनियाला फोन करून सांगितलं की बाबा इथेच जेवतील, डुकराचं मांस भाजतेय, गोळी वेळेवर दिली. कस्टर्डचं काही बोलले नाही. वेंडेलनं खडूचा एकही प्रश्न विचारला नाही. टॉलिव्हरनी मात्र आपणहून सगळं सांगितलं. गळ का, तर सुट्टीच्या दिवशी ते नदीवर असायचे आणि कामाच्या दिवशी मनानं नदीवर असायचे.

शुक्रवारी वेंडेल दिवसभर गॅरेजमध्ये होता. मी दोनदा म्हटलं, तारीख पुसून टाक, गळ तर त्याच हातचा आहे. टायर धुताना त्यानं एकच विचारलं, "दुसऱ्या गियरला खडखडली?"

"मी घाई केली म्हणून जरा."

"हं," तो म्हणाला.

शनिवारी नदीपलीकडच्या मोठ्या सभागृहात चाळीस गाड्या रांगेत होत्या. वेंडेलनं टॉलिव्हरना आणि लुवेनियाला बोलावलं होतं. टॉलिव्हर चर्चचा तपकिरी सूट आणि निळा टाय घालून आले, आमच्या गाडीशेजारी घडीच्या खुर्चीवर बसले. लुवेनिया हात धुवायला गेली तशी वेंडेलनं कोटाआडून कस्टर्डचा कप काढून त्यांच्या हातात दिला. मी बघतच राहिले. हा माणूस माझ्या वाढदिवसाला केक विसरतो.

आमच्या गाडीचे परीक्षक लॉइड पेटिंगिल. वाळलेला, नाकावर चष्मा, हातात बॅटरी. गेल्या वर्षी बोल्टांचा अर्धा गुण यांनीच कापला होता. त्यांनी बॉनेटखाली एक नजर टाकली आणि बॅटरी विझवली.

"नीमायर, ही तारीख."

"हो."

"मी दहाला सुरू करतो. आत्ता दहाला पाच कमी आहेत. दहाच्या आधी मालकानं काय ठेवलं, काय पुसलं, ते मला बघायचं नसतं. नियम आहे."

"आणि राहिली तर?"

"तर लिहावं लागेल. त्या साली ही तारीख कोणी घातली नव्हती. दीड गुण." त्यांनी चष्मा सारखा केला. "दीड गुण तुम्हाला परवडणारे नाहीत, हे मी सांगायला नको." आणि ते आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, शेजारच्या लाल गाडीकडे बघत उभे राहिले.

वेंडेलनं खिशातून स्वच्छ, घडी केलेलं फडकं काढलं आणि मला दिलं.

"घे," तो म्हणाला. "आपल्या घरात पुसायचं काम तुझं."

मला वाटलं टोमणा आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खरोखर माझ्यावर सोडत होता. दोन सेकंदांचं काम. पुसलं असतं तर माझी चूक भरून निघाली असती, त्याचे पंचाण्णव आले असते, आणि गाडीखाली शिरून गेलेली अकरा वर्षं सार्थकी लागली असती. मी फडकं बोटाला गुंडाळलं. टॉलिव्हर खुर्चीवरून बघत होते. हॅट गुडघ्यावर, रिकामा कप हॅटखाली, आणि निळ्या टायवर कस्टर्डचा हा एवढा पिवळट ओघळ.

पलीकडच्या दारातून लुवेनिया येताना दिसली.

मी गुडघे टेकले आणि टाय पुसायला लागले. वरून खाली, नीट, डाग राहणार नाही असा.

"काय सांडलं बाबांच्या टायवर?" लुवेनियानं विचारलं.

"मस्टर्ड," मी म्हटलं.

माझ्या मागे वेंडेल हसला. गुरुवारपासून पहिल्यांदा, आणि इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पेटिंगिलनी घड्याळ पाहिलं, वळले, बॅटरी लावली आणि वहीत पहिला आकडा लिहिला.

चौऱ्याण्णव पूर्णांक एक मिळाले. निकाल लागल्यावर पेटिंगिल टॉलिव्हरांपाशी येऊन बसले आणि विचारायला लागले, खडू कोणत्या बोटात धरायचात. वेंडेलनं त्यांना कोपरानं ढोसलं.

संध्याकाळी ट्रेलर रिकामाच परत आला. तो वेंडेलनं ओढला, लुवेनिया त्याच्या शेजारी बसली. गाडी मी आणली, शेजारी टॉलिव्हर. दुसऱ्या गियरला घाई केली नाही. कस्टर्डच्या दुकानाशी पोचेपर्यंत ट्रक आमच्या बराच मागे पडला होता, त्यामुळे तिथे आम्ही थांबलो का, हे लुवेनियाला सांगता यायचं नाही.